ओखा ते हलोल : मोटार, तिचे सुटे भाग आणि जकातीचे शीर्षक

हिंदुस्तान मोटर्स म्हटले की कोलकात्याजवळचे उत्तरपाडा आठवते. पण १९४२ साली स्थापन झालेल्या या कंपनीचा पहिला, लहानसा जुळणी कारखाना होता ओखा बंदरात, आणि ओखा तेव्हा बडोदे संस्थानात होते. मॉरिस टेन या इंग्रजी गाडीवर बेतलेली ‘हिंदुस्तान टेन’ ही कंपनीची सुरुवातीची मोटार. १९४८ मध्ये कारखाना उत्तरपाड्याला हलला. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत सयाजीरावांची ग्रंथालये, सक्तीचे शिक्षण, कलाभवन यांचा उल्लेख हमखास निघतो, ओख्याचा क्वचितच. तो निघायला हवा असे मला मनापासून वाटते. परदेशातून आलेली मोटार ‘तयार गाडी’ म्हणून मोजायची की ‘सुटे भाग’ म्हणून, या आजही न मिटलेल्या प्रश्नाचा इतिहास आपल्या संस्थानाच्या हद्दीतून गेलेला आहे.

ओखामंडळ हा सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचा तुकडा. गायकवाडांचा मुलूख असाच विखुरलेला होता. तिसऱ्या सयाजीरावांच्या काळात, १९२६ मध्ये, तिथे आधुनिक बंदर सुरू झाले. संस्थानाचे स्वतःचे बंदर म्हणजे स्वतःचा जकात नाका, आणि नेमके हेच ब्रिटिश सरकारला खुपत असे. काठेवाडच्या संस्थानी बंदरांतून माल उतरला की मुंबई बंदराचे उत्पन्न घटते, म्हणून विरमगामला जकातीची सरहद्द उभी केली होती. रेल्वेच्या प्रवाशांना तिथे होणाऱ्या त्रासाचा प्रश्न गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतून परतल्यावर लावून धरला आणि १९१७ मध्ये तो नाका उठला. पण काठेवाडच्या बंदरांचा व्यापार वाढताच १९२७ मध्ये सरकारने तो पुन्हा बसवला. एकाच देशात, आगगाडीच्या एकाच रुळावर, मालावर दोनदा कर लागण्याची ती तऱ्हा होती.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी केंद्र सरकारने पूर्ण बांधून आलेल्या मोटारींच्या आयातीवर बंदी घातली. तोवर जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला आणि फोर्ड मुंबई, मद्रास, कलकत्ता इथे गाड्यांची जुळणी करत असत. पेट्यांतून भाग यायचे, इथे ते जोडले जायचे. १९५३ च्या टॅरिफ कमिशनने सांगितले की ज्यांच्याकडे भारतात उत्पादन वाढवण्याचा ठोस कार्यक्रम आहे, त्यांनीच राहावे. नुसती जुळणी करणाऱ्या या दोन्ही कंपन्यांनी त्यानंतर गाशा गुंडाळला. पुढची तीन-चार दशके सामान्य गिऱ्हाइकापुढे आयातीच्या दराचा प्रश्नच उरला नाही. अँबेसेडर किंवा फियाट, तीही नंबर लावून.

कायद्याची चौकट मात्र या काळात शांतपणे बदलत गेली. १८७८ च्या सागरी जकात कायद्याची जागा १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याने घेतली. १९३४ च्या इंडियन टॅरिफ ॲक्टऐवजी १९७५ चा सीमाशुल्क दर कायदा आला आणि २ ऑगस्ट १९७६ पासून लागू झाला. या नव्या दरपत्रकाची मांडणी ब्रुसेल्समध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीवर होती. तिचाच सुधारलेला अवतार म्हणजे १९८३ चा हार्मोनाइज्ड सिस्टिम करार. तो जगभर १ जानेवारी १९८८ पासून अमलात आला. भारताने आपले दरपत्रक त्याआधीच, फेब्रुवारी १९८६ मध्ये, त्या धर्तीवर आणले होते. प्रत्येक वस्तूच्या वर्गवारी क्रमांकाचे पहिले सहा अंक सगळ्या सदस्य देशांत सारखे, पुढचे देशाने आपले आपण जोडायचे. भारतात आता आठ अंक असतात.

मोटारी या दरपत्रकाच्या सत्त्याऐंशीव्या प्रकरणात येतात. चालकासह दहा किंवा अधिक माणसे बसतील ते वाहन ८७०२ या शीर्षकात, मालवाहू वाहन ८७०४ मध्ये, आणि मुख्यतः माणसे नेण्यासाठी घडवलेली बाकीची मोटार ८७०३ मध्ये. स्टेशन वॅगन आणि शर्यतीच्या गाड्याही यातच. त्याखाली पेट्रोल गाड्यांच्या रेषा १०००, १५०० आणि ३००० सीसीवर, डिझेलच्या १५०० आणि २५०० वर. २०१७ च्या आवृत्तीत हायब्रिडला आणि निव्वळ विजेवर चालणाऱ्या गाडीला स्वतंत्र उपशीर्षके मिळाली; विजेची गाडी ८७०३.८० मध्ये बसते.

‘मुख्यतः माणसे नेण्यासाठी’ हे शब्द वाचायला सोपे, ठरवायला अवघड. गाडी आज कोण कशी वापरतो याला महत्त्व नाही. ती कशासाठी घडवली ते पाहायचे. मागे कायमची आसने आणि पट्टे बांधायची सोय आहे का, बाजूंना मागेपर्यंत खिडक्या आहेत का, चालक आणि मागच्या जागेमध्ये कायमची भिंत आहे का, अशा खुणा हार्मोनाइज्ड सिस्टिमच्या स्पष्टीकरणात्मक टिपांत दिल्या आहेत. या खुणांवर किती पैसा अवलंबून असतो ते अमेरिकेत दिसले. तिथे हलक्या मालवाहू गाड्यांवर १९६४ पासून २५ टक्के जकात आहे आणि फोर्डच्या पुढील प्रकरणाच्या काळात मोटारींवर ती अडीच टक्के होती. फोर्डने तुर्कस्तानातून ट्रान्झिट कनेक्ट व्हॅन मागच्या आसनांसह आणल्या, मोटारीचा दर भरला आणि बंदरातून सुटताच त्यांतल्या अनेक गाड्यांची आसने काढून टाकली. २०१९ मध्ये अपील न्यायालयाने त्या मालवाहूच ठरवल्या आणि २०२४ मध्ये ३६.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. मला हा निकाल योग्य वाटतो. काढून टाकण्यासाठीच बसवलेले आसन हे आसन नव्हे.

भारतातला खरा वाद मात्र आसनांचा नाही, पेट्यांचा आहे. वर्गवारीच्या सामान्य नियमांपैकी नियम २(अ) सांगतो की वस्तू अपुरी असली किंवा सुटी करून आणली असली, तरी तिच्यात पूर्ण वस्तूचे मूळ रूप असेल तर ती पूर्णच समजावी. म्हणजे किटमधून आलेली मोटारही ८७०३ मध्येच जाते. सवलत मिळते ती वेगळ्या अधिसूचनेने.

इथे बडोदे पुन्हा चित्रात येते. शहरापासून तासाभरावरच्या हलोलला जनरल मोटर्सने १९९६ मध्ये ओपल ॲस्ट्राची बांधणी सुरू केली. शिवडी सोडल्यानंतर चार दशकांनी परतलेली ही तीच कंपनी. डिसेंबर १९९७ मध्ये सरकारने अट घातली की किट आणणाऱ्यांनी करारनामा करावा, देशी भागांचे प्रमाण वाढवावे आणि आयातीइतकी निर्यात करावी. युरोपीय समुदाय आणि अमेरिका जागतिक व्यापार संघटनेत गेले; डिसेंबर २००१ च्या अहवालात या अटी नियमांविरुद्ध ठरल्या. मग सरकारकडे उरले हत्यार फक्त दरांचे. २०११ च्या अर्थसंकल्पात सीकेडी, म्हणजे पूर्ण सुट्या भागांच्या, किटची व्याख्याच घट्ट केली : इंजिन, गिअरबॉक्स आधीच जोडून आले तर सवलतीचा सर्वांत खालचा दर नाही. आज खरे सुटे किट १५ टक्क्यांत येते, जोडलेल्या इंजिनाचे ३५ टक्क्यांत.

हलोलचा कारखाना २०१७ मध्ये एमजीकडे गेला. वाद मात्र मिटलेला नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्रात कारखाने असलेल्या एका जर्मन समूहाला १.४ अब्ज डॉलरची नोटीस गेली. आरोप असा की जवळजवळ अख्ख्या गाड्यांचे भाग वेगवेगळ्या खेपांत विभागून सुटे भाग म्हणून दाखवले. कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आहे. शिवडीच्या पेट्या आठवल्याशिवाय राहत नाहीत.

तयार गाडीचे गणित वेगळे. २०१३ पासून गाडीच्या किमतीवर ४०,००० डॉलरची रेषा आली. तिच्या वरच्या गाडीवर १०० टक्के. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क ७० टक्क्यांवर आणले, पण ४० टक्के कृषी पायाभूत उपकर लावला, म्हणजे एकूण ११०. शंभर रुपये किमतीच्या मोठ्या पेट्रोल गाडीची किंमत यातच २१० होते आणि त्यावर ४० टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, धरला की २९४. दर ‘कमी केला’ अशा बातम्या त्या फेब्रुवारीत आल्या होत्या. गिऱ्हाइकाच्या खिशात त्यातला छदामही उतरला नाही.

परदेशातून परतणाऱ्या बडोदेकरांनी आपली वापरलेली गाडी आणायचा बेत करण्याआधी अटी वाचाव्यात : तीन वर्षांपेक्षा जुनी नको, सुकाणू उजवीकडे हवे, आणि ती मुंबई बंदरातूनच उतरवावी लागते. अमेरिकेतली डाव्या सुकाणूची गाडी इथे येऊ शकत नाही.

२४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. ठरावीक संख्येपर्यंत ब्रिटिश मोटारींवरचा दर टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर येणार आहे, आणि विजेच्या गाड्यांना पहिली पाच वर्षे सवलत नाही. संख्येची विभागणी इंजिनाच्या आकारानुसार आहे. त्यामुळे ब्रिटनमधून गाडी मागवताना एजंटाने बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे जकातीसाठी भरायच्या आयातपत्रावर, कोणते आठ अंक लिहिले आहेत, ते आधी पाहावे लागेल. २०११ पासून शुल्काचे स्वयंमूल्यांकन आयातदारानेच करायचे असते, आणि अंक चुकला तर फरकाची वसुलीही त्याच्याकडूनच होते.