वृद्ध पेशी आणि मेंदूचे दाहजन्य विकार

विभाजन कायमचे थांबूनही मरून न जाणाऱ्या पेशींना वृद्ध पेशी म्हणतात. मानवी पेशी प्रयोगशाळेत ठरावीक वेळाच विभागतात, हे लेनर्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवले. डीएनएला इजा झाली किंवा गुणसूत्रांच्या टोकांवरील टेलोमिअर ही संरक्षक टोपणे झिजली, की पी१६ व पी२१ ही प्रथिने वाढून पेशीचक्र अडते. ही व्यवस्था मुळात उपकारक आहे. बिघडलेल्या पेशीची वाढ रोखून ती कर्करोगाला आळा घालते. मात्र अशा पेशींचा निचरा झाला नाही, तर त्या इंटरल्यूकिन-६ सारखी दाहकारक द्रव्ये पाझरत राहतात आणि शेजारच्या निरोगी पेशींनाही वार्धक्याकडे ढकलतात.

मेंदूत मायक्रोग्लिया व अ‍ॅस्ट्रोसाइट या आधारपेशी वृद्ध झालेल्या आढळतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये हा प्रश्न विशेष गंभीर आहे. या रोगात चेतातंतूंवरील मायलिनचे आवरण नष्ट होते. सुरुवातीला ते काही प्रमाणात पुन्हा तयार होते, पुढे ही दुरुस्ती मंदावते. प्रचलित औषधे प्रामुख्याने रक्तातील प्रतिकारपेशींना आवर घालतात, त्यामुळे मेंदूच्या आतच धुमसणाऱ्या दाहावर त्यांचा प्रभाव तोकडा पडतो. रोग सतत वाढत जाणाऱ्या रुग्णांच्या मेंदूत वृद्ध चेता-पूर्वपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून मेंदूतील इतर पेशी घडतात अशा पेशी, सापडल्या आहेत. त्या एचएमजीबी१ हे प्रथिन सोडतात आणि मायलिन घडवणाऱ्या पेशींना परिपक्व होऊ देत नाहीत.

वृद्ध पेशी निवडून मारणाऱ्या औषधांना सेनोलिटिक म्हणतात. रक्ताच्या कर्करोगावरील डॅसाटिनिब आणि वनस्पतिजन्य क्वेर्सेटिन ही त्यांतली पहिली जोडी, २०१५ मधली. अल्झायमरसदृश विकार असलेल्या उंदरांत तिने मेंदूतील दाह कमी केला. माणसावरचा पुरावा अजून फारच तुटपुंजा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राथमिक चाचणीत अल्झायमरच्या पाच रुग्णांना ही जोडी १२ आठवडे दिली. चौघांच्या मेंदू-मेरुद्रवात, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात, डॅसाटिनिब मिळाले, क्वेर्सेटिन एकाच्याही नाही. एवढ्या छोट्या चाचणीवरून गुण येतो की नाही हे ठरत नाही. क्वेर्सेटिनच्या गोळ्या स्वतःहून सुरू करण्याला तर मुळीच आधार नाही. नॅव्हिटोक्लॅक्स या दुसऱ्या सेनोलिटिकने रक्तबिंबिका (प्लेटलेट) घटतात, हाही धोका ध्यानात घ्यावा लागतो.

पेशी न मारता तिचा स्राव रोखणे हा दुसरा मार्ग. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत बनवलेल्या पूर्वपेशींवर रॅपामायसिन हे औषध वापरले, तेव्हा त्यांतील वार्धक्याची लक्षणे ओसरली आणि मायलिन घडवणाऱ्या पेशींची वाढ पुन्हा सुरू झाली.