यादी, उचल आणि कोयता : ऊसतोडीच्या वाटेवरच्या हुंड्याची पार्श्वभूमी

मराठवाड्यात सोयरीक जुळली की आधी 'याद्या' होतात. ओसरीवर सतरंजी, मधे पानसुपारीचं ताट, दोन्हीकडची चार-चार जाणती माणसं, आणि ज्याचं अक्षर बरं तो मांडीवर वही घेऊन बसलेला. वर 'श्री गणेश प्रसन्न'. खाली उभी रेघ मारून दोन रकाने, वधूपक्षाकडून काय आणि वरपक्षाकडून काय. सोनं, भांडी, मंडप, जेवण, मानपान. रोख रकमेपुढं 'हुंडा' असा शब्द आता सहसा कुणी घालत नाही. 'पोशाखासाठी' असं लिहितात, नाहीतर ती ओळ तोंडीच ठेवतात. शेवटी सह्या, अंगठे.

गंमत अशी की हुंडाबंदीच्या कायद्यालाही यादीच हवी आहे. १९८५ साली केंद्र सरकारनं केलेल्या नियमांनुसार लग्नात मिळालेल्या भेटींची यादी करायची असते. वस्तू कोणती, अंदाजे किंमत किती, दिली कुणी, त्याचं नातं काय, हे लिहून खाली नवरा-नवरीनं सही करायची. नवरीला मिळालेल्या वस्तूंची यादी नवरीपाशी राहायची. ही यादी मी आजवर एकाही घरात पाहिलेली नाही. बैठकीतली मात्र ट्रंकेत, सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी जपून ठेवलेली असते.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरात या यादीमागून आणखी एक हिशेब येतो, मुकादमाच्या, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीतला. यादीवर अंगठा केलेला बाप पोरीच्या लग्नासाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतो. तिकडं नवरदेवही लग्न झाल्या झाल्या 'पूर्ण कोयता' होतो आणि त्याला मोठी उचल मिळते. एका लग्नावर अशी दोन कर्जं उभी राहतात आणि दोन्ही फेडायची असतात उसाच्या फडात, घरापासून शेकडो किलोमीटर लांब. या भागातल्या घरगुती मारहाणीची गोष्ट सासू-सुनेच्या भांडणापासून सुरू केली की ती अर्धीच कळते. सुरुवात उचलीपासून करायला हवी.

त्याआधी थोडं मागं जाऊ. राबून खाणाऱ्या बऱ्याच जातींत पूर्वी 'देज' होतं, म्हणजे पैसे मुलाकडचे द्यायचे आणि मुलीचा बाप घ्यायचा. त्यामागचा व्यवहार उघड होता. खुरपणारे, काढणी करणारे दोन हात एका घरातून दुसऱ्या घरात जाणार, त्याची ही भरपाई. बाईला वस्तूसारखं मोजणं त्यातही होतंच, देजाचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण पैशाची दिशा उलटी होती. हुंडा आधी वरच्या, जमीनजुमल्याच्या आणि शिकलेल्या घरांतला. नोकऱ्या आल्या, 'नोकरीवाला मुलगा' ही चीज तयार झाली आणि तिचा भाव ठरू लागला. मास्तर, तलाठी, एसटीतला कंडक्टर, प्रत्येकाचा वेगळा. खालच्या घरांनी वरच्यांचं पाहून उचललं आणि दोन पिढ्यांत देज गेलं, हुंडा आला.

बाई घराबाहेर राबत नाही तिथं हुंडा आणि राबते तिथं देज, असं अभ्यासक सांगत आले. ऊसतोडीत हा नियम पार उलटा पडलेला दिसतो. इथं बाई निम्मा कोयता आहे, तरी तिच्यासोबत हुंडाही जातो. असं का, हे कळायला कोयता म्हणजे काय ते आधी पाहावं लागेल.

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, म्हणजे बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या भागात, पाऊस कमी, रान मुरमाड आणि बहुतेक ठिकाणी एकच पीक. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला तो मुक्त झाला, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. शेजारच्या नगर जिल्ह्यात तोवर कालव्याचं पाणी पोचलेलं होतं. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचा पहिला गाळप हंगाम १९५०-५१ चा. पुढं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे सगळीकडं कारखाने झाले. ऊस तिकडं आणि तोडायला हात इकडं. १९७२ च्या दुष्काळानं हा रस्ता पक्का केला. खडी फोडून जगलेली माणसं दिवाळीनंतर बैलगाड्या जुंपून कारखान्याच्या वाटेला लागली. आज गाड्यांच्या जागी ट्रॅक्टर आणि ट्रक आहेत, वाट मात्र कर्नाटकापर्यंत लांबली आहे.

कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. मुकादम विचारतो, "किती कोयते आहेत?" एकटा गडी अर्धा कोयता, जोडी पूर्ण. उचल कोयत्यावर मिळते आणि मजुरी टनावर. नवरा बुडख्यापाशी घाव घालतो. बाई पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते, वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंड्या बांधते. पहाटे भाकरी थापून फडात जायचं, कारखान्याची गाडी रात्री आली तर रात्री भरायची. एखादा दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे हिशेबातून कापतात. पाळी, बाळंतपण, ताप, सगळ्याला भाव एकच.

आता त्या कोड्याकडं. बाई निम्मा कोयता खरी, पण उचल नवऱ्याच्या नावावर असते, अंगठा त्याचा असतो आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, हिशेबालाही तोच बसतो. बाईची मजुरी वेगळी निघतच नाही. तिचे हात मोलाचे आहेत, पण ते मोल तिच्या हातात येत नाही आणि माहेरच्याही येत नाही. मग हुंडा मागताना तिच्या कमाईचा विचार करायची गरजच कुणाला पडत नाही. बापाकडं ठरल्यातली बाकी राहिली, तोळ्याचं अर्ध्यावर आलं, गाडी नंतर देतो म्हणाला, की ती बाकी फडावर निघते. कोपी म्हणजे बांबू, चटया आणि प्लास्टिकचा कागद. तिला दार नसतं. मारहाण साऱ्या टोळीला ऐकू जाते आणि टोळी कूस बदलते, कारण पहाटे चारला उठायचं असतं. दारू, न फिटलेली उचल आणि मुकादमाच्या शिव्या खाऊन आलेला नवरा, हे सगळं त्या आठ-दहा फुटांत असतं. मुकादमाची किंवा गाडीवाल्याची वाईट नजर असली तर ती नवऱ्याला सांगायची तरी कशी? दोष तिच्यावरच यायचा.

पोरींची लग्नं लवकर होतात त्याचीही गाठ इथंच आहे. आईबाप सहा महिने बाहेर, तर वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? फडावर नेली तरी जीव टांगणीला. 'जोखीम उतरवून टाकू' हे शब्द दहा बायांच्या तोंडून ऐकले तर दहाही वेळा खरे वाटतात. त्यात नवरी लहान असली की हुंडा कमी लागतो आणि मुलाकडं एक कोयता वाढतो. हंगामाच्या तोंडावर घाईघाईत उरकलेल्या अशा लग्नांना 'गेटकेन' म्हणतात. शब्द कारखान्याचा आहे. बाहेरून थेट कारखान्याच्या गेटवर येणारा ऊस तो गेटकेन. पोरीच्या लग्नाला हे नाव कुणी दिलं असेल ते असो, इतकं नेमकं नाव एखाद्या अहवालात सापडायचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होतं, बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के.

हुंड्याची भीती पोर जन्मायच्या आधीच काम करते. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ८९४ होत्या. जन्मल्या त्यांतल्या कितीतरी जणींची पुढं 'पिशवी काढली' गेली. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर झाली, तेव्हा सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. चौकशीत डॉक्टरांवर बोट ठेवलं गेलं ते बरोबरच. पण पाळीच्या दुखण्यानं पडणारे खाडे आणि घरचा तगादा ही त्या शस्त्रक्रियांमागची दुसरी बाजू, तिची चर्चा त्या मानानं कमी झाली.

कायदे या काळात आले, एकामागून एक. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा, पण सुरुवातीला अगदीच लेचापेचा. शिक्षा फार तर सहा महिने, आणि पोलिसांना आपणहून हात घालता येत नव्हता. सत्तरच्या दशकाअखेर शहरांमधून सुना जळाल्याच्या बातम्या येऊ लागल्या, दिल्लीत मोर्चे निघाले, आणि पुण्यातल्या मंजुश्री सारडा या विवाहितेच्या मृत्यूच्या प्रकरणानं १९८२ मध्ये महाराष्ट्र हलला. १९८३ साली भारतीय दंड संहितेत नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी केलेल्या छळासाठी कलम ४९८ अ आलं. पुढं १९८४ आणि १९८६ च्या दुरुस्त्यांनी हुंड्याचा कायदा कडक झाला. किमान शिक्षा पाच वर्षांवर गेली आणि लग्नापासून सात वर्षांच्या आत झालेल्या संशयास्पद मृत्यूसाठी ३०४ ब हे कलम आलं. भारतीय न्याय संहितेत हीच कलमं १ जुलै २०२४ पासून ८५ आणि ८० या क्रमांकांनी आहेत. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. मारहाणीसोबत शिवीगाळ, पैशाची कोंडी आणि घराबाहेर काढणं हेही त्यानं हिंसेत धरलं.

या सगळ्या कायद्यांच्या मनात एक घर आहे. चार भिंती, एक दार, एक पोलीस ठाणं. ऊसतोड बाईला असं घर वर्षातले सहा महिनेच असतं. मार बसला सांगलीकडं, माहेर आष्टीकडं, सासर वडवणीला, तर तक्रार घ्यायची कुणी? "घडलं तिकडं जा" हे उत्तर वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. खरं तर २००५ च्या कायद्यानं हा प्रश्न तेव्हाच सोडवला होता. कलम २७ प्रमाणे बाई कायम किंवा तात्पुरती जिथं राहते, जिथं काम करते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडं अर्ज चालतो. म्हणजे फडाच्या तालुक्यातही चालतो आणि माहेरच्याही. ४९८ अ बाबत सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली रूपाली देवी खटल्यात सांगितलं की छळ सोसून बाई जिथं आसऱ्याला आली, त्या ठिकाणीही गुन्हा चालू शकतो. आता हद्दीचं कारण न सांगता तक्रार नोंदवून घ्यायची 'झिरो एफआयआर'ची तरतूदही कायद्यातच लिहिली आहे. एवढं असून राहत्या घराचा हक्क फडावर हास्यास्पद होतो. कोपी उभी कुणाच्या रानात, आणि हंगाम संपला की तिचे बांबू उपटलेले.

स्थलांतरित मजुरांचा म्हणून जो कायदा १९७९ साली झाला तोही आंतरराज्य मजुरांचा. बीडचा माणूस कोल्हापूरला गेला तर राज्य बदलत नाही, त्यामुळं तो त्यात बसत नव्हता. ऊसतोड मजुरांसाठीचं कल्याणकारी महामंडळ उशिरा आलं, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं. मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना २०२१ साली मंजूर झाली. वरवर हा शिक्षणाचा विषय वाटेल. मला ती हुंडाबंदीची सगळ्यात कामाची योजना वाटते, कारण पोर दहावीपर्यंत वसतिगृहात टिकली तर 'कुणाच्या भरवशावर ठेवायची' हा प्रश्नच उरत नाही.

बाकी यंत्रणा कागदावर बरी आहे. ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, पण लग्न कारखान्याच्या गेटजवळ लागलं तर नेमका कुठला ग्रामसेवक? संरक्षण अधिकारी आहेत, जिल्ह्याला पीडित बायांसाठी 'सखी' केंद्र आहे, बायांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे मदतीचे क्रमांक आहेत. मुंबईत १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, त्या धर्तीवर पुढं राज्यात इतरत्रही समुपदेशन पोचलं. पण गावाकडच्या समुपदेशनाचा शेवट बहुतेक एकाच वाक्यात होतो, "नांदायला पाठवा." मिटवायला बसलेली मंडळी अनेकदा तीच असतात जी याद्यांना बसली होती. मुकादमही त्यात असतो, कारण जोडी मोडली तर त्याची उचल अडकते. लग्न टिकावं असं त्याला मनापासून वाटतं.

शेवटचा घोळ तारखांचा. लग्नं चैत्र-वैशाखात, पावसाळ्यात उचल, दसरा-दिवाळीला गाड्या निघणार. बाई मार खाऊन माहेरी येते ती पट्टा पडल्यावर, एप्रिल-मेमध्ये. अर्ज जूनमध्ये होतो. पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. नोटीस बजावायला पोलीस जातो, माणूस रानात गेलेला असतो. पुढची तारीख, त्याच्या पुढची, मधे पोळा, गणपती. ऑक्टोबरची तारीख पडते तोवर बापानं यंदाची उचल घेतलेली असते. टोळीत एक कोयता अर्धा पडतो आहे म्हणून मुकादम दोनदा दारात येऊन गेलेला असतो. तारखेला नाव पुकारतात तेव्हा अर्जदारही हजर नसते आणि गैरअर्जदारही नसतो. दोघं एकाच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भांड्यांच्या पोत्यावर बसून बालाघाट उतरत असतात.