वोढियाणा बंध आणि बडोदे

रिकाम्या पोटी उभं राहून पोट पाठीकडे ओढणं हा पचनाचा व्यायाम, अशीच उड्डीयान बंधाची ओळख आज बहुतेक योगवर्गांत आहे. नाव मात्र वेगळंच काही सुचवतं. तंत्रमार्गाची चार मुख्य पीठं म्हणजे ओड्डियान, जालंधर, पूर्णगिरी आणि कामरूप. हठयोगाच्या मूळ, उड्डीयान आणि जालंधर या तीन बंधांपैकी (बंध म्हणजे शरीराचा एखादा भाग आवळून प्राण रोखणं) दोघांची नावं या पीठांशी जुळतात. पंधराव्या शतकातली हठप्रदीपिका प्राण सुषुम्नेत, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या मधल्या नाडीत, 'उडतो' म्हणून उड्डीयान, अशी फोड करते. फोड सोयीची आहे, पण जालंधराचं काय? तिथे नाड्यांच्या 'जाळ्या'चा आधार घ्यावा लागतो. मराठीत 1290 सालीच ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात हा बंध 'वोढियाणा' म्हणून आला, आणि हे रूप पीठाच्या नावाला अधिक जवळचं.

महामुद्रा, महाबंध, महावेध ही हठयोगातल्या क्रियांची त्रयी सांगणारा सर्वांत जुना ज्ञात ग्रंथ अमृतसिद्धी, सुमारे अकराव्या शतकातला आणि वज्रयानातला, म्हणजे बौद्ध तंत्रमार्गातला. त्याच्या शरीरकल्पनेत मस्तकातला चंद्र अमृत पाझरतो आणि खाली बसलेला सूर्य ते गिळतो. पुढच्या हठग्रंथांत मग जालंधराने कंठाशी ती गळती अडवायची, मूळबंधाने अपान, म्हणजे खाली जाणारा वायू, वर वळवायचा, उड्डीयानाने प्राण मधल्या वाटेत घालायचा. पोटाचा घेर या हिशेबात कुठेच नव्हता.

बडोद्यात या परंपरेचे दोन तुकडे एकाच सुमारास हाताळले गेले. सयाजीरावांच्या आश्रयाने 1915 साली गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली. तीत 1923 मध्ये परशुराम कल्पसूत्र हा शाक्त उपासनेचा ग्रंथ निघाला: दीक्षेपासून सुरुवात, मग गणपती, ललिता, श्यामा, वाराही, परा यांचे उपासनाक्रम. पुढे विनयतोष भट्टाचार्यांनी संपादलेली साधनमाला दोन भागांत (1925, 1928) आणि गुह्यसमाज तंत्र (1931). साधनमालेत 312 साधनं, म्हणजे बौद्ध देवतांचे उपासनाविधी, आहेत, पण वाचली गेली ती मुख्यतः मूर्ती ओळखण्यासाठी: हात किती, रंग कोणता, आयुधं कोणती. खरं तर देवतेचं रूप हा साधनाचा एक टप्पा. आधी शून्यतेची भावना, मग बीजाक्षर, त्यातून देवता, आणि शेवटी साधकाने स्वतःच ती देवता होणं.

दुसरा तुकडा आखाड्यातून आला. डभोईत 1883 साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. 1919 मध्ये नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासांकडून त्यांना योग मिळाला. 1920-21 च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी उड्डीयान आणि नौलीवर (पोटाचे स्नायू मधोमध उभे काढून फिरवण्याची क्रिया) क्ष-किरण आणि दाबमापक लावून प्रयोग केले. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणून बस्तीत, म्हणजे गुदद्वारातून पाणी घेऊन आतडं धुण्याच्या क्रियेत, पाणी आपोआप वर चढतं, हे त्यातून दिसलं. त्या पोकळीला त्यांनी गुरूंचं नाव दिलं. 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम उभं राहिलं.

दाबाचं हे कोडं सुटल्यामुळे कृतीतली नेहमीची चूकही कळते. जेवणानंतर किमान चार तासांनी, पाय फूटभर अंतरावर, गुडघे किंचित वाकवून, हात मांड्यांवर. श्वास पूर्ण सोडायचा, गळा बंद करायचा आणि हवा आत न घेता श्वास घेतल्यासारख्या फासळ्या फुलवायच्या. छाती रुंदावते, छाती आणि पोट यांच्यामधला पडदा वर चढतो, पोट आपोआप आत जातं. नवखा माणूस उलट पोटाचे स्नायू आवळून ते ओढतो. स्नायू ताठ, पोकळी शून्य. श्वास अर्धाच सोडला तरी तीच गत. सोडताना आधी फासळ्या सैल, पोट जागेवर, मग गळा उघडून सावकाश श्वास. क्रम उलटला की हवा धाडकन आत शिरते आणि ठसका लागतो. सुरुवातीला पाच ते दहा सेकंद, तीन आवर्तनं पुरेत. रक्तदाब, हर्निया, पोटातला व्रण किंवा गर्भारपण असेल तर हा बंध करायचाच नाही.

प्रयोगात मोजता आलं ते वर्गात टिकलं. न्यास (मंत्र म्हणत अंगांना स्पर्श करणं), बीजमंत्र, दीक्षा दाबमापकावर उमटत नाहीत. ती ग्रंथमाला काढणाऱ्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराच्या छापील पोथ्यांतच राहिली. हठप्रदीपिकेच्या तिसऱ्या अध्यायातल्या दहा मुद्रांपैकी वज्रोलीला (वीर्य रोखून वर ओढण्याची मुद्रा) तर वर्गात कुणी हातच लावला नाही.