पर्णकृमी उर्फ फ्ल्यूक : वर्गीकरण

पर्णकृमी म्हणजे चपट्या कृमींच्या संघातले परजीवी किडे, पानासारखे पातळ म्हणून हे नाव, आणि गुराढोरांच्या डॉक्टरांकडे किंवा कॉलेजात मात्र सगळे फ्ल्यूकच म्हणतात. शाळेत या संघाची प्लॅनेरिया, लिव्हर फ्ल्यूक, पट्टकृमी अशी तीन उदाहरणं पाठ केलेली असतात, पण त्यांचं एकमेकांशी नातं काय ते तिथे कळत नाही.

जुन्या पद्धतीत संघाचे चार वर्ग: बहुतेक मोकळे जगणारे टर्बेलेरिया (प्लॅनेरिया यातला), माशांच्या कल्ल्यांना आणि अंगाला आकड्यांनी धरून बसणारे मोनोजेनिया, पर्णकृमी म्हणजे ट्रेमाटोडा, आणि ज्यांना आतडंच नाही ते पट्टकृमी म्हणजे सेस्टोडा. यातलं टर्बेलेरिया हे उरलेल्यासुरलेल्यांचं गाठोडं होतं, आज तो खरा गट धरत नाहीत. बाकीचे तीन मात्र एकाच घरातले, कारण अळी यजमानाच्या, म्हणजे ज्याच्यावर जगायचं त्या प्राण्याच्या, अंगावर किंवा अंगात गेली की वरची केसाळ त्वचा टाकून देते आणि तिच्या जागी पेशी-पेशींमध्ये सीमा नसलेली एकसंध नवी त्वचा येते. यावरूनच एहलर्स यांनी १९८५ साली या तिघांना मिळून निओडर्माटा म्हटलं, म्हणजे नव्या त्वचेवाले.

ट्रेमाटोडाचे दोन उपवर्ग. अ‍ॅस्पिडोगॅस्ट्रिया अगदी छोटा, पोटाखाली खणाखणांची मोठी चकती असलेले, शिंपले, मासे, कासवं यांच्यात राहणारे. बाकी हजारो जाती डायजेनियात, आणि खरी गंमत तिथेच आहे.

जुने लोक डायजेनियाची वाटणी चूषक, म्हणजे चिकटून बसायच्या वाट्या, मोजून करायचे. दोन चूषक दिसले की डिस्टोम, एकच असेल तर मोनोस्टोम, दुसरा शेपटाकडच्या टोकाला असेल तर अँफिस्टोम. स्टोम म्हणजे तोंड, पण दुसरा चूषक तोंड नसतोच, तो नुसता धरून ठेवायला असतो! त्यात अडचण अशी की हा किडा आयुष्यात इतकी रूपं बदलतो की प्रौढ बघून नातं ठरवणं म्हणजे फक्त लग्नातला फोटो बघून माणूस ओळखण्यासारखं. ओ. एफ. म्यूलर यांनी १७७३ साली पाण्यात पोहणाऱ्या शेपटीवाल्या अळीला सर्कारिया असं स्वतंत्र प्राणी म्हणून नाव दिलं होतं, ती कुणाची तरी अळी आहे हे तेव्हा माहीतच नव्हतं. १८४२ मध्ये डेन्मार्कच्या स्टीनस्ट्रुप यांनी पिढ्यांची अदलाबदल, म्हणजे एका रूपाची पिल्लं वेगळ्याच रूपाची असतात हे, मांडली तेव्हा गोष्टी जुळायला लागल्या, आणि १८८० नंतरच्या दोनतीन वर्षांत जर्मनीत लॉयकार्ट आणि इंग्लंडात थॉमस यांनी वेगवेगळं काम करून लिव्हर फ्ल्यूकचं अख्खं चक्र लावलं.

चक्र असं: म्हशीच्या शेणातून झाकण असलेलं पिवळसर अंडं पाण्यात पडतं, झाकण उघडून मिरासिडियम ही केसाळ पहिली अळी बाहेर येते आणि गोगलगायीत शिरते, आत स्पोरोसिस्ट, मग रेडिया ही पुढची रूपं, एकातून अनेक होत जातात, मग सर्कारिया बाहेर पडून गवतावर शेपूट टाकून स्वतःभोवती कवच करून गाठीसारखी बसते, आणि ते गवत जनावराने खाल्लं की पुन्हा यकृत. आपल्याकडच्या मैदानी भागात लिव्हर फ्ल्यूकची जात मुख्यतः फॅसिओला जायगँटिका, सात सेंटीमीटरपर्यंत लांब. जास्त कृमी झालेल्या जनावराचं यकृत कापलं तर पित्तनळ्या जाड, कडक झालेल्या दिसतात आणि दाबल्यावर त्यातून चपटे किडे घसरत बाहेर येतात, एकदा बघितलं की विसरत नाही.

ला रू यांनी १९५७ मध्ये अळीच्या उत्सर्जन पिशवीवरून नवी मांडणी केली, म्हणजे भर प्रौढावरून अळीवर आला. २००३ नंतर डीएनएवरून डायजेनियाचे दोन मोठे गण धरतात, डिप्लोस्टोमिडा आणि प्लॅजिऑर्किडा. लिव्हर फ्ल्यूक, पोटातले अँफिस्टोम, फुप्फुसातला पॅरागोनिमस सगळे दुसऱ्यात. पहिल्यात रक्तातले शिस्टोसोमा आहेत आणि त्यांच्याच गणात माशाच्या डोळ्यात अळी वाढवणारा डिप्लोस्टोमम. प्रौढ शेजारी ठेवले तर कुणी भाऊबंद म्हणणार नाही, शिस्टोसोमात नर मादी वेगळे आणि नराच्या दुमडलेल्या अंगात मादी लांब सुतासारखी बसलेली, डिप्लोस्टोमम मात्र उभयलिंगी. पण दोघांच्या सर्कारियाची शेपूट शेवटी फाटलेली, जेवायच्या काट्यासारखी, तिथे नातं दिसतं.

हे नुसतं नावांचं काम नाही. प्राझिक्वांटेल हे औषध शिस्टोसोमावर आणि माणसातल्या बऱ्याच फ्ल्यूकवर चालतं, फॅसिओलावर जवळपास चालत नाही, तिथे ट्रायक्लाबेंडाझोल लागतं, त्यामुळे शेणात किंवा लघवीत दिसलेलं अंडं फॅसिओलासारखं झाकणाचं आहे की शिस्टोसोमासारखं अणकुचीदार काट्याचं हे आधी ठरवावं लागतं.

आपल्या महाराष्ट्राशी याचा थेट संबंध रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावाचा. तिथे माणसांना लघवीतून रक्त जायचं आणि १९५२ साली गाडगीळ आणि शहा यांनी ते शिस्टोसोमा हिमॅटोबियममुळे होतं असं दाखवलं, हीच जात जिचा शोध बिलहार्झ यांनी १८५१ मध्ये कैरोत लावला होता. वाहक गोगलगाय फेरिसिया टेनुइस सांगितली गेली, गोड्या पाण्यातली टोपीसारखी चिमुकली. गिमवीतली जात खरंच आफ्रिकेतलीच का, यावर पुढे अभ्यासकांनी शंका काढल्या.