जेस्टेशनल सरोगसी: सरोगेटच्या बाजूने नऊ महिने

दुसऱ्या कुणाचं तरी बाळ आपल्या गर्भपिशवीत वाढवून जन्माला घालायचं, आणि त्यात स्त्रीबीज मात्र आपलं नसायचं, याला जेस्टेशनल सरोगसी म्हणतात. आधीच्या पद्धतीत बीज सरोगेटचंच असायचं त्यामुळे बाळाशी तिचं रक्ताचं नातं लागायचं, इथे भ्रूण लॅबमध्ये तयार होऊन येतं आणि ती ते फक्त वाढवते. (हे "फक्त" किती मोठं आहे ते खाली येईलच.) १९७८ मध्ये पहिलं टेस्ट ट्यूब बेबी जन्मलं आणि १९८५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अशा पद्धतीने सरोगेटला दिवस गेल्याचं पहिल्यांदा मेडिकल जर्नलमध्ये छापलं. आपल्याकडे बोलताना सर्रास "भाड्याची कूस" म्हणतात पण तो शब्द दिशाभूल करणारा आहे, भाड्याने दिलेल्या खोलीला मळमळत नाही आणि खोलीचं बीपी वाढत नाही.

सरोगेट म्हणून शक्यतो अशीच बाई घेतात जिचं स्वतःचं किमान एक बाळंतपण धड पार पडलंय. त्यामुळे तिच्याकडे तुलना करायला स्वतःचा अनुभव असतो आणि पहिल्याच महिन्यात तिच्या लक्षात येतं की हे तसं नाहीये.

ट्रान्सफरच्या आधी

ट्रान्सफर म्हणजे लॅबमधलं भ्रूण तिच्या गर्भपिशवीत सोडणं. नेहमीचं गरोदरपण पाळी चुकल्यावर सुरू होतं, हे सुरू होतं त्याच्या कितीतरी आधी, गोळ्यांच्या कॅलेंडरवर. बऱ्याचदा तिचं स्वतःचं बीज सुटू नये अशी औषधं देतात, मग साधारण दोन आठवडे अस्तर वाढवणाऱ्या इस्ट्रोजेन हार्मोनच्या गोळ्या किंवा पॅच, आणि मधेमधे सोनोग्राफी करून गर्भपिशवीचं अस्तर मोजतात, ते ७ मिलिमीटरच्या वर गेलं आणि स्क्रीनवर तीन रेघा नीट दिसल्या की पुढचं ठरतं. मग प्रोजेस्टेरॉन, गर्भ टिकवणारं हार्मोन. ते योनीमार्गातूनही देतात पण इंजेक्शन लिहून दिलं असेल तर तो रोजचा कार्यक्रमच होऊन बसतो. औषध तेलात कालवलेलं असतं त्यामुळे घट्ट, सुई जाड आणि लांब, कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात स्नायूत खोल टोचायची, एक दिवस उजवीकडे एक दिवस डावीकडे. घरातलंच कुणीतरी टोचायला शिकतं आणि पहिल्या दिवशी टोचणाऱ्याचाच हात जास्त थरथरतो. बाटली आधी हातात धरून कोमट करायची म्हणजे तेल पातळ होतं, टोचून झाल्यावर चोळायचं, शेक द्यायचा, तरी आठवड्याभरात गाठी येतात आणि कडक खुर्चीवर बसताना माणूस एका बाजूला कलून बसतो.

हे सगळं कशासाठी तर एरवी बीज सुटल्यावर बीजकोशात जी ग्रंथी तयार होते ती प्रोजेस्टेरॉन बनवते, आणि इथे बीज सुटलेलंच नसतं म्हणून ती ग्रंथीही नसते. शरीर स्वतः काही देत नाही, सगळं सुईतून. त्यामुळे डोस चुकवून चालत नाही. गंमत म्हणजे पोट फुगणं, छाती दुखणं, दुपारी डोळे मिटणं, उगाच रडू येणं हे सगळं आत काहीही नसतानाच सुरू होतं.

ट्रान्सफर आणि त्यानंतरची वाट

ट्रान्सफर दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, भूल बहुतेकदा लागत नाही, त्रास असलाच तर लघवीचा, कारण पोटावरून सोनोग्राफी नीट दिसावी म्हणून मूत्राशय भरलेलं ठेवायला सांगतात. बारीक मऊ नळी आत जाते आणि स्क्रीनवर एक पांढरा ठिपका चमकतो. लोक म्हणतात ते बघ बाळ, पण तो ठिपका भ्रूणासोबत सोडलेल्या हवेचा आणि द्रवाचा असतो, भ्रूण इतकं लहान की सोनोग्राफीत दिसतच नाही. नंतर दिवस दिवस पडून राहायची गरज नसते, त्याने गर्भ जास्त टिकतो असं काही दिसलेलं नाही. एका वेळी एकच भ्रूण सोडावं असा आता डॉक्टरांचा आग्रह असतो कारण जुळ्यांमध्ये धोका तिलाही वाढतो आणि बाळांनाही.

हिशोब मात्र चोख. पाच दिवसांचं भ्रूण सोडलं तर त्याच दिवशी ती २ आठवडे ५ दिवसांची गरोदर धरली जाते आणि प्रसूतीची तारीख त्यापुढे २६१ दिवसांनी येते, "नक्की कधी राहिलं" हा प्रश्नच उरत नाही.

नऊ-दहा दिवसांनी रक्ताची बीटा एचसीजी, म्हणजे दिवस राहिले का ते सांगणारी तपासणी. तोवर घरी किट वापरायचं नाही असं सगळे सांगतात आणि बऱ्याच जणी लपून वापरतात. स्वतःच्या बाळाच्या वेळी दोन रेघा दिसल्या की ती बातमी आपली असते, आपण ठरवतो कुणाला कधी सांगायचं. इथे रिपोर्ट क्लिनिककडे जातो, ज्यांचं बाळ आहे त्या पालकांकडे जातो, आणि आपल्याच पोटातली बातमी आपल्याला कधी कधी फोनवर दुसऱ्याच्या रडण्यातून कळते. दोन-तीन दिवसांनी परत रक्त, आकडा दुपटीच्या आसपास गेला पाहिजे. आणि नाही राहिलं तर तिला अपराधी वाटतं, ती समोरच्यांची माफी मागते, खरंतर दोष अनेकदा भ्रूणाच्या गुणसूत्रांत असतो आणि तिच्या चालण्या-बसण्याशी त्याचा काही संबंध नसतो.

पहिले तीन महिने

सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके दिसतात. त्या खोलीत ती आडवी, पोटावर किंवा आतून मशीन, आणि पालक शेजारी नाहीतर व्हिडिओ कॉलवर, आणि सगळ्यांचे डोळे स्क्रीनकडे. तिच्याकडे कुणीच बघत नसतं, यात कुणाची चूक नाही पण ते तिला जाणवतं. थोडं रक्त दिसणं या काळात बऱ्यापैकी होतं आणि दरवेळी गर्भ गेलाच असं नसतं, तरी फोन दोन घरी करावा लागतो. साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वार स्वतः हार्मोन बनवायला लागलेली असते म्हणून सुया बंद होतात, आणि क्लिनिक तिला नेहमीच्या प्रसूतीच्या डॉक्टरकडे पाठवतं. शेवटची सुई टोचली तो दिवस बायकांना बरोबर आठवतो.

गर्भ पडला तर दुःख पालकांचं मोठं मानलं जातं, पण पिशवी साफ करायला टेबलावर तीच जाते.

मधले महिने

या काळात शरीर जरा बरं असतं आणि प्रश्न बाहेरून येतात. पोट दिसायला लागलं की अनोळखी माणसं अभिनंदन करतात, "कितवं?" विचारतात, तेव्हा रांगेत उभं राहून पूर्ण गोष्ट सांगायची की नुसतं हसायचं हे रोज नव्याने ठरवावं लागतं. स्वतःच्या मुलांना मात्र आधीच आणि सरळ सांगितलेलं बरं, हे बाळ आपल्या घरी राहायला येणार नाही, त्याचे आईबाबा वेगळे आहेत, त्यांच्याकडे बाळ वाढवायला जागा नव्हती म्हणून माझ्या पोटात आहे. मोठ्यांपेक्षा त्यांना ते लवकर पटतं.

आधी बाळंतपण झालेलं असल्यामुळे हालचाल सोळाव्या आठवड्याच्या आसपासच ओळखू येते. ही एक गोष्ट पालकांना कितीही पैसे किंवा रिपोर्ट देऊन मिळत नाही. मग ती मेसेज करते, आज खूप लाथा मारतंय. १८ ते २२ आठवड्यांत व्यंग बघायची सोनोग्राफी असते आणि त्यात काही निघालं तर काय, हा करारातला सगळ्यात अवघड भाग. कागदावर काहीही लिहिलेलं असो, शस्त्रक्रिया तिच्या शरीरावर होणार असते, हे आधीच मोकळेपणाने बोललेलं नसेल तर पुढे फार कडू होतं.

एक बारीक गोष्ट, बाळाचा रक्तगट तिच्यावरून नाही तर स्त्रीबीज आणि शुक्राणू देणाऱ्यांवरून ठरतो. ती आरएच निगेटिव्ह असेल तर आपल्या नवऱ्याचा गट सांगून काही उपयोग नाही, बीज कुणाचं ते बघून साधारण २८व्या आठवड्यात अँटी-डी (तिच्या शरीराने बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिक्रिया देऊ नये म्हणून असलेलं इंजेक्शन) द्यायचं की नाही ते ठरतं.

शेवटचे महिने आणि प्रसूती

छातीत जळजळ, पायांना सूज, कुशीवरून कुशीवर वळायला उशीची मदत, हे कुणाचंही बाळ असलं तरी सारखंच. पालकांनी पाठवलेले आवाजाचे रेकॉर्डिंग काही जणी रात्री पोटाजवळ लावतात. मात्र बीपीकडे इथे जास्त लक्ष द्यायला हवं. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये ८ लाखांहून जास्त जन्म तपासून २०२४ मध्ये छापलेल्या अभ्यासात आईला गंभीर गुंतागुंत होण्याचं प्रमाण आपोआप राहिलेल्या गरोदरपणात २.३ टक्के, आयव्हीएफमध्ये (लॅबमध्ये भ्रूण तयार करून राहिलेल्या गरोदरपणात) ४.३ टक्के आणि सरोगेटमध्ये ७.८ टक्के निघालं, त्यात जास्त रक्तस्राव आणि तीव्र प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोकादायक आजार) जास्त दिसले. "एक झालंय ना, दुसरं सोपं जाईल" असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे वाचावेत.

लेबर रूममध्ये कोण थांबणार, नाळ कोण कापणार, बाळ पहिल्यांदा कुणाच्या छातीवर, सिझर झालं तर आत किती माणसं, हे सगळं आधी लिहून ठेवतात. कायदेशीर आई कोण हे देशागणिक बदलतं, ब्रिटनमध्ये जन्म देणारीच सुरुवातीला आई धरली जाते आणि नंतर कोर्टाच्या आदेशाने ते बदलतं. बाळ पालकांच्या हातात गेल्यावर खोलीत एकदम गर्दी त्या बाजूला सरकते, आणि इकडे वार पडायची असते, टाके घालायचे असतात.

नंतर

साधारण तिसऱ्या दिवशी दूध उतरतं. छाती दगडासारखी होते, ब्लाऊज ओला होतो, आणि प्यायला कुणी नसतं. काही जणी पंप करून दूध पाठवतात, काही गोळी घेऊन बंद करतात, काही नुसतं घट्ट ब्रा आणि थंड शेकावर काढतात. अंगावरून जाणं चार ते सहा आठवडे चालतं. ब्रिटनमध्ये ३४ सरोगेट बायकांशी प्रसूतीनंतर साधारण वर्षभराने बोलून केलेला एक अभ्यास २००३ मध्ये आला, त्यात बाळ दिल्यामुळे फार मोठा मानसिक त्रास झाल्याचं दिसलं नाही, पहिले काही आठवडे जड गेले असं काहींनी सांगितलं. हुरहुर बाळापेक्षाही रोजचे फोन एकदम थांबण्याची असते असं बऱ्याच जणी म्हणतात, नऊ महिने ज्यांना रोज "जेवलीस का" विचारायचं होतं त्यांना आता स्वतःचीच झोप मिळत नसते.

सहा आठवड्यांनी तपासणीला ती एकटी जाते. बाकीच्या बायकांच्या मांडीवर दुपट्यातली बाळं असतात आणि शेजारची सहज विचारते, तुमचं कुठाय. घरी आहे, आईजवळ, असं सांगून ती फाईल उघडते, कारण बीपीची गोळी अजून चालू आहे आणि ती कधी बंद करायची ते विचारायचंय.