अग्रणी नदी

अग्रणी नदी : कृष्णेची डाव्या काठची उपनदी. सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात उगम पावून ती तासगाव व कवठेमहांकाळ तालुक्यांतून वाहते आणि सीमा ओलांडून कर्नाटकातील अथणी तालुक्यात (जि. बेळगाव) कृष्णेस मिळते. सांगली जिल्ह्यातील तिची लांबी सुमारे ५५ किमी. सांगितली जाते.

उगमस्थान म्हणून बलवडी व तामखडी या दोन्ही गावांची नावे घेतली जातात. खानापूरच्या पठारावरील अनेक ओढे एकत्र येऊन नदी बनत असल्याने एकाच गावाचा आग्रह धरण्यापेक्षा ‘बलवडी–तामखडी परिसर’ म्हणणे अधिक सयुक्तिक. येथील बलवडी म्हणजे बलवडी (खानापूर) होय. त्याच तालुक्यातील बलवडी (भाळवणी) हे गाव येरळा नदीच्या खोऱ्यात असून लोकवर्गणी व श्रमदानातून उभे राहिलेले बळीराजा स्मृती धरण त्या परिसरात, येरळेवर आहे. या दोन गावांची गल्लत कटाक्षाने टाळली पाहिजे. खानापूरचे पठार हा महत्त्वाचा जलविभाजक आहे. त्याच्या पश्चिमेचे पाणी येरळेला, दक्षिणेचे अग्रणीला व पूर्वेचे माणगंगेमार्गे भीमेला जाते.

खोरे पर्जन्यछायेत असून नदी हंगामी आहे. पात्राच्या कापात वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, मग मांजऱ्या दगड (सच्छिद्र बसाल्ट) व तळाशी काळा पाषाण (घट्ट बसाल्ट) असे थर दिसतात. विहिरीचे पाणी मुख्यतः मुरमाच्या व मांजऱ्याच्या थरातून पाझरते. काळा पाषाण भेगाळलेला नसेल, तर त्यात कितीही खोल गेले तरी हाती फारसे लागत नाही. सावळजनजीकचा सिद्धेवाडी तलाव याच नदीवर आहे. द्राक्षे व बेदाणा ही येथील नगदी मिळकत.

तासगावचे पटवर्धन संस्थान १८४८ मध्ये खालसा झाले व तो मुलूख पुढे सातारा जिल्ह्यात आला. खोऱ्यातील कुची मात्र सांगली संस्थानाकडे होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. अथणी तालुका १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता. राज्य पुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात गेल्याने अग्रणी आंतरराज्य नदी झाली.

२०१२-१३ च्या दुष्काळानंतर प्रशासन, ‘जलबिरादरी’ ही जलसंवर्धन संघटना व गावकऱ्यांनी नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. जलसंवर्धनतज्ज्ञ राजेंद्र सिंह यांचे त्यास मार्गदर्शन लाभले. वाळूउपसा, गाळ, अतिक्रमणे व वेड्या बाभळींनी पात्र हरवले होते. त्याचे खोलीकरण व रुंदीकरण करून बंधारे घालण्यात आले. अशा खोलीकरणाबाबत अभ्यासकांत दोन मते आहेत. वरचे थर कापले की कडेच्या विहिरींचे पाणी पात्रात उतरते, हा भूजलतज्ज्ञांचा आक्षेप वरील थररचना पाहता दुर्लक्षिण्याजोगा नाही. गाळ काढणे इष्टच, पण माथ्यावरची, म्हणजे खोऱ्याच्या उंच भागातली, बांधबंदिस्ती (पाणी व माती अडवणारे बांध घालणे) आधी व्हावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

म्हैसाळ योजनेमुळे आता कृष्णेचे पाणी उपसून याच उपनदीच्या खोऱ्यात आणले जाते. तरीही मोठा पाऊस झाला की मोरगाव, देशिंग, हिंगणगाव या भागात पूर येतो आणि सखल पूल पाण्याखाली जातात. सीमेपलीकडील टप्प्यात मराठी व कानडी बोलणारी गावे सरमिसळ आहेत.