सीएमएसची उभारणी

सीएमएसची उभारणी : आशय व्यवस्थापन प्रणालीच्या (सीएमएसच्या, म्हणजे संकेतस्थळावरील मजकूर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) फायली होस्टच्या (जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या) सर्व्हरवर चढवणे, तिच्यासाठी डेटाबेस तयार करणे आणि दोन्हींची सांगड डोमेनशी (संकेतस्थळाच्या पत्त्याशी) घालून संकेतस्थळ चालू करणे, या क्रियेला ही संज्ञा आहे. बोलताना सरसकट ‘इन्स्टॉल करणे’ म्हणतात. मात्र स्वतःच्या संगणकावर एखादे सॉफ्टवेअर बसवणे आणि ही उभारणी यांत मूलभूत फरक आहे. इथे यंत्र दुसऱ्याच्या मालकीचे असते, त्यावर इतरही अनेक खातेदार नांदत असतात आणि काम पुरे होण्याआधीच ती जागा साऱ्या जगाला उघडी असते. उभारणीतल्या बहुतेक अडचणींचे मूळ या तीन गोष्टींत सापडते.

पूर्वपीठिका : पहिली सीएमएस कोणती याबद्दल एकमत नाही. दस्तऐवज-व्यवस्थापनाची सॉफ्टवेअरे जमेस धरणारे तिचा उगम १९८० च्या दशकात नेतात. वेबपुरता विचार करणारे बहुधा १९९५ मध्ये स्थापन झालेल्या विन्येट कंपनीच्या स्टोरीसर्व्हरपाशी थांबतात. ती मोठ्या संस्थांसाठीची सॉफ्टवेअरे असल्याने, सामान्य माणसाने भाड्याच्या जागेवर स्वतः करायच्या उभारणीचा आरंभ पीएचपी (सर्व्हरवर चालणारी प्रोग्रामिंग भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस सांभाळणारे सॉफ्टवेअर) ही जोडी स्वस्त होस्टिंगवर एकत्र मिळू लागली तेव्हापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. ही दोन्ही साधने १९९५ मध्ये पुढे आली. दुसरे कारण कमी सांगितले जाते, पण तेही तितकेच महत्त्वाचे आहे. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ च्या (ब्राउझर व सर्व्हर यांच्यातील संवादाच्या नियमांच्या) मसुद्याने प्रत्येक विनंतीसोबत ‘होस्ट’ हे शीर्षक, म्हणजे हव्या त्या डोमेनचे नाव, पाठवणे बंधनकारक केले. त्यामुळे एकाच आयपी पत्त्यावर अनेक डोमेन ठेवता येऊ लागली. शेअर्ड होस्टिंग (एकाच यंत्रावर अनेक खातेदार) स्वस्त होण्यास याचा मोठा हातभार लागला.

द्रुपल (जानेवारी २००१), वर्डप्रेस (२७ मे २००३) आणि मॅम्बोतून फुटून निघालेली जुमला (२००५) या प्रणाली याच जमिनीवर वाढल्या. मॅट मुलनवेग व माइक लिटल यांनी मिशेल व्हालड्रिगी यांच्या बी२ या सॉफ्टवेअरच्या संहितेवरून वर्डप्रेस पुढे नेली. म्हणून काही जण तिचे वय २००१ पासून मोजतात. पहिल्या प्रकाशनाची तारीख ग्राह्य धरण्याकडेच सर्वसाधारण कल आहे.

पद्धत : होस्टच्या कंट्रोल पॅनलमधून रिकामा डेटाबेस करतात, प्रणालीची झिप फाइल उतरवून घेऊन तिच्यातील फायली एफटीपी किंवा एसएफटीपी या फायली पाठवण्याच्या पद्धतींनी सर्व्हरवरील मूळ फोल्डरात (बहुधा ‘पब्लिक_एचटीएमएल’) चढवतात, मग ब्राउझरमध्ये डोमेन उघडून उभारणीच्या पानावरील रकाने भरतात. साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, म्हणून एसएफटीपीच वापरावे.

अडखळण्याची खरी जागा डेटाबेसची आहे. सीपॅनेलसारख्या पॅनलमध्ये डेटाबेस तयार करणे, डेटाबेसचा वापरकर्ता तयार करणे आणि त्या वापरकर्त्याला त्या डेटाबेसवर अधिकार देणे ही तीन स्वतंत्र कामे आहेत. तिसरे हमखास विसरते. शिवाय पॅनल नावाआधी खात्याचे नाव जोडते. ‘ब्लॉग’ असे टंकले तरी प्रत्यक्षातले नाव ‘खातेनाव_ब्लॉग’ होते आणि कॉन्फिगरेशन फाइलमध्ये (डेटाबेसचे तपशील ठेवणाऱ्या फाइलमध्ये) हे पूर्ण नावच लागते. डेटाबेसशी जोडणी होत नसल्याचा संदेश आला, तर पासवर्डच्या आधी या दोन गोष्टी पाहाव्यात. यजमानाच्या (डेटाबेस ज्या यंत्रावर आहे त्याच्या) रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘लोकलहोस्ट’, म्हणजे हेच यंत्र, चालते. डेटाबेस वेगळ्या यंत्रावर असेल तर होस्टने दिलेला पत्ता घालावा लागतो.

कॉन्फिगरेशन फाइल हाताने लिहिताना आणखी एक बारीक खोड नडते. काही संपादक (मजकूर लिहिण्याची सॉफ्टवेअरे) यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांत मांडण्याची पद्धत) फाइल जतन करताना तिच्या तोंडाशी तीन अदृश्य बाइट (बीओएम) घालतात. फाइल उघडून पाहिली तर काहीच वावगे दिसत नाही. पण पीएचपीच्या आरंभखुणेआधीचे ते तीन बाइट ब्राउझरकडे आधीच रवाना झालेले असतात, आणि शीर्षके (पानाच्या आधी जाणारी माहिती) आधीच पाठवली गेल्याची सूचना येऊन लॉगिन अडते. फाइल बीओएमविना जतन केली की काम होते.

अक्षरसंच : देवनागरी मजकुरासाठी उभारणीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे आणि तोच सहसा न वाचता पुढे ढकलला जातो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ व दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट होतात. मायएसक्यूएलचा मूलनिर्धारित संच ८.० आवृत्तीपर्यंत (२०१८) लॅटिन१ (चिन्हामागे एकच बाइट घेणारा) होता. त्यात हेच १५ बाइट १५ सुटी लॅटिन चिन्हे ठरतात. वर्डप्रेसमध्ये डेटाबेसचा अक्षरसंच ठरवण्याची सोय २.२ आवृत्तीत (२००७) आली. त्याआधीच्या अनेक स्थळांचा मजकूर अशा लॅटिन तक्त्यांत साठला आणि होस्ट बदलताना विद्रूप झाला.

इथे दोन प्रकारची विकृती वेगळी ओळखली पाहिजे. मराठीच्या जागी विचित्र लॅटिन चिन्हांची माळ दिसली, तर मूळ बाइट बहुधा शाबूत असतात. स्तंभ आधी बायनरी प्रकारात व मग यूटीएफ-८ मध्ये बदलून मजकूर परत मिळवता येतो. नुसती प्रश्नचिन्हे दिसत असतील आणि तीच डेटाबेसमध्ये साठली असतील, तर अक्षरे कायमची गेली. आधीची प्रत हाच उपाय.

मायएसक्यूएलमधील ‘यूटीएफ८’ नावाचा जुना संच चिन्हामागे तीन बाइटांपर्यंतच जातो. देवनागरी त्यात बसते, म्हणून तो पुरेसा वाटतो. पण इमोजीला चार बाइट लागतात. कडक तपासणी बंद असलेल्या सर्व्हरवर लेखात एक इमोजी आला की तिथपासून पुढचा सगळा मजकूर छाटला जातो. ५.५.३ आवृत्तीत (२०१०) आलेला ‘यूटीएफ८एमबी४’ ही उणीव भरून काढतो; वर्डप्रेसने तो ४.२ (२०१५) पासून स्वीकारला. मात्र इनोडीबीच्या (मायएसक्यूएलच्या साठवण-यंत्रणेच्या) जुन्या मांडणीत निर्देशांकाची (शोध जलद करणाऱ्या सूचीची) मर्यादा ७६७ बाइट होती. तीन बाइटांच्या हिशेबाने २५५ चिन्हे (७६५ बाइट) मावत, चारच्या हिशेबाने फक्त १९१ (७६४ बाइट). वर्डप्रेसच्या तक्त्यांत आढळणारा १९१ हा आकडा यातून आला आहे.

परवाने व मालकी : फोल्डरांना ७५५ व फायलींना ६४४ हे परवाने (लिहिण्याची मुभा फक्त मालकाला) सर्वमान्य आहेत. कॉन्फिगरेशन फाइल याहून घट्ट ठेवावी, कारण डेटाबेसचा पासवर्ड तिच्यातच असतो. एखादे फोल्डर ‘लिहिता येत नाही’ असे दिसले की ७७७ (सर्वांना लिहिण्याची मुभा) देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. शेअर्ड सर्व्हरवर तो धोक्याचा आहे. मूळ दुखणे बहुधा परवान्यांचे नसते, मालकीचे असते. फायली खातेदाराच्या नावे असतात आणि पीएचपी दुसऱ्याच वापरकर्त्याच्या नावाने चालत असते. प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) बसवताना वर्डप्रेस एफटीपीचा पासवर्ड मागते, ती याची खूण होय. पीएचपी खातेदाराच्याच नावाने चालवणे हा खरा उपाय असून तो होस्टकडे मागावा.

डेटाबेसच्या तक्त्यांच्या नावांचा उपसर्ग बदलल्याने सुरक्षा वाढते, असे एक मत आहे. त्याचा खरा उपयोग एकाच डेटाबेसमध्ये दोन उभारण्या ठेवण्यासाठी आहे, हे मत अधिक पटण्याजोगे आहे.

अर्धवट उभारणी : फायली चढवून पुढचे काम उद्यावर टाकणे ही या क्रियेतील सर्वांत गंभीर चूक आहे. कॉन्फिगरेशन झालेले नसताना उभारणीचे पान येईल त्याच्यासाठी उघडे असते. त्रयस्थाने तिथे स्वतःच्या सर्व्हरवरील डेटाबेसचा पत्ता घातला, की तो प्रशासक होतो आणि प्रशासकाला पीएचपी चालवता येत असल्याने सारे खातेच त्याच्या हाती जाते. नव्या डोमेनकडे कोणाचे लक्ष जाणार, हा समज चुकीचा आहे. टीएलएस (सुरक्षित जोडणीचे) प्रमाणपत्र निघताच डोमेनचे नाव सार्वजनिक नोंदवहीत उमटते आणि स्वयंचलित शोधयंत्रणा त्या नोंदवह्या वाचत असतात. म्हणून डेटाबेस आधी करावा, फायली नंतर चढवाव्यात आणि त्याच बैठकीत उभारणी पुरी करावी.

स्वयंचलित उभारणी : सॉफ्टॅक्युलससारखी साधने वरील सर्व पायऱ्या एका कळीवर उरकतात.

इतर प्रणाली : जुमलाच्या जुन्या आवृत्त्यांत ‘इन्स्टॉलेशन’ फोल्डर शेवटी काढून टाकावे लागे. द्रुपलच्या अलीकडच्या आवृत्त्या कंपोझरने (पीएचपीचे घटक उतरवणाऱ्या साधनाने) उभारतात. त्यांत संकेतस्थळाचे मूळ फोल्डर ‘वेब’ या उपफोल्डराकडे वळवावे लागते.